ओहोटीच्या नोंदी : खडकाळ किनाऱ्यावरील जीवसर्वेक्षणाचे वाङ्मयीन वाचन

प्रास्ताविक :

भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्या मधला खडकाळ पट्टा काही तास समुद्राचा असतो आणि काही तास भूमीचा. अवघ्या काही मीटरांच्या उंचीत येथे शेवाळे, गोगलगायी, बार्नॅकल, शिंपले, समुद्रफुले, खेकडे आणि तारामासे यांच्या पातळ्या एकीखाली एक लागलेल्या असतात. टी. ए. स्टीफन्सन आणि अ‍ॅन स्टीफन्सन या संशोधक दांपत्याने १९४९ मध्ये असे दाखवून दिले, की प्राण्यांच्या जाती बदलल्या तरी या पातळ्यांची मांडणी जगभरच्या खडकाळ किनाऱ्यांवर ढोबळमानाने सारखी आढळते. सागरी जीवांच्या अभ्यासासाठी एरवी नौका, जाळी, पाणबुडे असा मोठा सरंजाम लागतो. येथे मात्र ओहोटीची वेळ ठाऊक असलेला, वही घेऊन वाकून पाहण्याची तयारी असलेला कोणीही मनुष्य गणना करू शकतो. खडकाळ किनाऱ्याच्या सर्वेक्षणाची परंपरा इतकी समृद्ध का झाली, याचे एक कारण येथेच आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की या परंपरेतील एक ग्रंथ इंग्रजी साहित्याच्या इतिहासात आधीच येऊन बसलेला आहे. मात्र तो अर्धाच आला आहे. जॉन स्टाइनबेक आणि एडवर्ड रिकेट्स यांच्या 'सी ऑफ कोर्टेझ' या ग्रंथातील प्रवासकथन समीक्षकांनी स्वीकारले आणि प्राण्यांची सूची प्राणिशास्त्रज्ञांकडे सोपवली. प्रस्तुत लेखात या वाटणीची चिकित्सा करावयाची आहे. सर्वेक्षणाची यादी हा अशा लेखनाचा सांगाडा असून ती बाजूला काढली असता उरलेल्या गद्याचा अर्थही बदलतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

एका ग्रंथाचे दोन भाग :

रिकेट्स (१८९७-१९४८) हे कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे, मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यांच्या रांगेत, प्रयोगशाळांना सागरी नमुने पुरविणारा छोटा व्यवसाय चालवीत असत. शिकागो विद्यापीठात ते डब्ल्यू. सी. अ‍ॅली यांच्याकडे काही काळ शिकले. पदवी मात्र त्यांनी घेतली नाही. जॅक कॅल्विन यांच्यासह लिहिलेला त्यांचा 'बिट्वीन पॅसिफिक टाइड्स' हा ग्रंथ १९३९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. १९३६ च्या आगीत रिकेट्स यांची प्रयोगशाळा जळून गेली. हस्तलिखित तेव्हा प्रकाशकाकडे होते म्हणून वाचले. या ग्रंथातील मांडणी त्या काळच्या शिरस्त्याहून वेगळी होती. प्राण्यांची विभागणी वर्ग-कुलांनुसार न करता ते कोठे राहतात त्यानुसार केलेली होती : लाटांचा मारा किती, तळ खडकाचा की वाळूचा, आणि ओहोटीत किती काळ उघडे पडणे वाट्याला येते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला जे एकत्र दिसते, ते ग्रंथातही एकत्र यावे, ही त्यामागची भूमिका होय. प्रस्थापित प्राणिशास्त्रज्ञांना ही रचना रुचली नाही आणि प्रकाशनही त्यामुळे रखडले. पुढे मात्र इतर अभ्यासकांनी सुधारून काढलेल्या आवृत्त्यांच्या रूपाने हा ग्रंथ अर्धशतकाहून अधिक काळ विद्यार्थ्यांच्या हाती राहिला.

११ मार्च १९४० रोजी स्टाइनबेक आणि रिकेट्स 'वेस्टर्न फ्लायर' या मासेमारी नौकेतून कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे निघाले आणि सुमारे सहा आठवड्यांनी परतले. वाटेत ओहोटी साधून ते किनाऱ्यावर उतरत, नमुने गोळा करीत आणि पुढे जात. त्यांनी ५०० हून अधिक जाती गोळा केल्या. डिसेंबर १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा जवळपास अर्धा भाग प्रवासकथनाचा व उरलेला टीपांसह दिलेल्या प्राणिसूचीचा होता. दोघांची नावे वेगवेगळ्या श्रेयांखाली छापावीत ही प्रकाशनसंस्थेतील सूचना स्टाइनबेक यांनी निक्षून फेटाळली होती. ग्रंथ दोघांचा आणि एक आहे, हा त्यांचा आग्रह होता. तरीही रिकेट्स यांच्या अपघाती मृत्यूनंतर १९५१ मध्ये 'द लॉग फ्रॉम द सी ऑफ कोर्टेझ' या नावाने केवळ कथनभाग पुन्हा निघाला. सूची गळली, मित्रावरील एक हृद्य चरित्रलेख आला, आणि मुखपृष्ठावर लेखक म्हणून स्टाइनबेक यांचे नाव राहिले. आज ग्रंथालयात सामान्यतः मिळते ते हेच पुस्तक. वस्तुतः स्टाइनबेक यांनी त्या प्रवासात स्वतःची दैनंदिनी ठेवलेली नव्हती. कथनाचा मोठा आधार रिकेट्स यांची टिपणे हाच होता. म्हणजे जो भाग 'साहित्य' म्हणून उरला, तोही मुळात सर्वेक्षकाच्या वहीतून आलेला आहे. (जाता जाता नोंदवावयास हवे, की स्टाइनबेक यांच्या तत्कालीन पत्नी कॅरोल या नौकेवर होत्या, कथनात त्या कोठेही नाहीत. खेकड्यांची दखल घेणाऱ्या नोंदवहीतूनही माणूस गळू शकतो.)

पुनरुक्तीचे मूल्य :

'लॉग'विषयी वाचकांची नेहमीची तक्रार अशी, की त्यातील चिंतनपर प्रकरणे अविस्मरणीय आहेत. पण एका थांब्यानंतर दुसऱ्या थांब्यावर तेच प्राणी, त्याच क्रमाने, पुनःपुन्हा येतात. ही तक्रार वरवर रास्त आहे. चपळ 'सॅली लाइटफूट' खेकडे, गंधकी रंगाची समुद्रकाकडी आणि अनेक बाहूंचा सूर्यतारा, म्हणजे 'हेलिअ‍ॅस्टर', यांचा उल्लेख इतक्या वेळा होतो की कादंबरीचा संपादक असता तर त्याने निम्मे उल्लेख काढून टाकले असते.

या शेवटच्या प्राण्याकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. १९४० मध्ये हेलिअ‍ॅस्टर हा आखाताच्या खडकांवरील इतका सर्वसामान्य प्राणी होता की त्याच्या उपस्थितीत बातमी काहीच नव्हती. १९७८ च्या उन्हाळ्यात हे तारामासे आखातात मोठ्या प्रमाणावर मरण पावले. एके काळचा हा प्रमुख भक्षक अनेक ठिकाणी दिसेनासा झाला आणि पुढील कित्येक वर्षे त्याची संख्या पूर्वपदाला आली नाही. ही घटना कळल्यानंतर 'लॉग' पुन्हा वाचला, की कंटाळवाणी वाटलेली पुनरुक्ती पुराव्याचे रूप घेते. 'येथेही तोच' या उद्गारात त्या प्राण्याची सर्वव्यापकता नोंदली गेली आहे. एखाद्या ठिकाणी तो होता, एवढे सांगण्यास एक वाक्य पुरते. तो सर्वत्र होता, हे सांगण्यास मात्र प्रत्येक थांब्यावर तेच वाक्य लिहावे लागते. पुनरुक्ती हा शैलीचा दोष मानणारी समीक्षा येथे अपुरी पडते, कारण या गद्यात पुनरुक्ती हीच मोजणी आहे.

२००४ मध्ये राफे सागरिन, विल्यम गिली आणि त्यांचे सहकारी याच मार्गाने पुन्हा आखातात गेले व रिकेट्स-स्टाइनबेक यांच्या ठिकाणांशी तुलना करून २००८ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खडकांवरील अनेक अपृष्ठवंशी प्राण्यांच्या बाबतीत आढळक्षेत्र, विपुलता आणि शरीराचे आकारमान घटल्याचे त्यांनी नोंदविले. ही तुलना करताना त्यांना कथन आणि सूची हे दोन्ही भाग एकत्र वाचावे लागले. कारण प्राण्याचे शास्त्रीय नाव सूचीत असे, तर तो किती दिसला, कसा दिसला, त्या वेळी समुद्र कसा होता, हे पुष्कळदा कथनात असे. १९५१ च्या आवृत्तीने जे तोडले होते, ते या शास्त्रज्ञांच्या वाचनाने पुन्हा सांधले. आपल्या साहित्यसमीक्षेने ते काम केले नाही, ही खेदाची बाब होय.

काटे मोजणे आणि मासा पाहणे :

ग्रंथाच्या आरंभी सिएरा नावाच्या माशाविषयी एक प्रसिद्ध विवेचन आहे. फॉर्मॅलिनमधून काढलेल्या ताठर, रंग उडालेल्या माशाच्या परांचे काटे मोजले तर एक निर्विवाद सत्य हाती लागते. पण गळाला लागून झुंजणारा, रंग पालटणारा, शेपटीने हवेत फटकारे मारणारा मासा हे दुसरेच सत्य आहे आणि त्यात पाहणारा माणूसही सामील आहे, असा त्याचा आशय. अभ्यासक्रमांत हा उतारा पुष्कळदा विज्ञानाच्या रुक्षतेवरील टीका म्हणून शिकविला जातो. हे वाचन मला मान्य नाही. लेखकांनी काटे मोजण्याचे काम नाकारलेले नाही. किंबहुना ज्या ग्रंथात हा उतारा येतो त्याच्या उत्तरार्धात शेकडो प्राण्यांची काटेकोर वर्णने आहेत. त्यांचे म्हणणे एवढेच, की मोजणाऱ्याने आपण काय मोजत आहोत आणि काय सोडत आहोत हे जाणून असावे. सूची गळालेल्या आवृत्तीत मात्र हा उतारा एकाकी पडतो आणि मोजणीविरुद्धचा जाहीरनामा वाटू लागतो. भाग तोडल्याने उरलेल्या भागाचा अर्थ कसा बदलतो, याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

हीच गोष्ट 'अहेतुवादी विचारा'विषयी म्हणता येईल. ईस्टरच्या दिवसाखाली येणारे हे प्रकरण मूलतः रिकेट्स यांच्या निबंधावर आधारलेले आहे. 'का' असे विचारण्यापूर्वी 'काय आहे' ते पाहावे, ही त्यातील भूमिका समीक्षकांनी तत्त्वज्ञान म्हणून फार उचलून धरली. ओहोटीच्या दोन-तीन तासांत खडकावर काम करणाऱ्याची ती आधी एक शिस्त आहे. पाणी परत येत असते; कारणमीमांसेला तेथे वेळ नसतो. अर्थात या भूमिकेला मर्यादा आहेत आणि ग्रंथच त्या उघड करतो. ग्वायमासजवळ जपानी कोळंबी-नौका समुद्राचा तळ खरवडून काढताना आणि कोळंबीव्यतिरिक्त आलेले सारे मृत जीव फेकून देताना पाहिल्यावर लेखक 'काय आहे' येथे थांबत नाहीत. हे कोणी, कोणाच्या परवानगीने आणि कशासाठी चालविले, असे प्रश्न ते विचारतात. त्या नौकांवरील माणसांविषयी त्यांना आस्था वाटते, कृत्याविषयी संताप. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ही विसंगती आहे. माझ्या मते ग्रंथातील सर्वांत प्रामाणिक पाने तीच आहेत.

खडकातील पितळी खिळे :

रिकेट्स यांच्या पद्धतीची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. 'विपुल', 'सामान्य', 'क्वचित' हे त्यांचे शब्द अनुभवी डोळ्यांचे असले तरी शब्दच आहेत. 'विपुल' म्हणजे किती? त्याच मॉन्टेरे परिसरात, हॉपकिन्स सागरी संशोधन केंद्राजवळच्या खडकांवर विलिस हेवॅट या संशोधकाने १९३१ ते १९३३ या काळात अगदी निराळ्या पद्धतीने काम केले. किनाऱ्यापासून पाण्याकडे जाणारी एक सरळ पट्टी आखून तिचे एक-एक चौरस यार्डाचे भाग पाडले आणि प्रत्येक भागातील प्राणी मोजले. जागा पुन्हा सापडावी म्हणून खडकात पितळी खिळे बसविले. हेवॅट यांच्या १९३७ च्या शोधनिबंधाला साहित्यगुण म्हणून दाखविता येईल असे काही नाही.

साठ वर्षांनी सागरिन आणि सारा गिलमन या दोन पदवी-विद्यार्थ्यांनी ते खिळे शोधून काढले व त्यांच्या आधारे त्याच चौकटींत पुन्हा मोजणी केली. १९९५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात बॅरी, बॅक्स्टर, सागरिन आणि गिलमन यांनी मांडलेले निष्कर्ष आता सुपरिचित आहेत : दक्षिणेकडील उबदार पाण्यातल्या ९ पैकी ८ जाती वाढल्या होत्या, उत्तरेकडील थंड पाण्यातल्या ८ पैकी ५ जाती घटल्या होत्या, आणि त्या साठ वर्षांत किनाऱ्यावरील पाण्याचे वार्षिक सरासरी तापमान ०.७५ अंश सेल्सिअसने वाढले होते. हवामानबदलाच्या चर्चेत या अभ्यासाचा दाखला वारंवार दिला जातो. येथे तो देण्याचे कारण वेगळे आहे. हेवॅट यांना तापमानवाढ सिद्ध करावयाची नव्हती. तो प्रश्नच त्यांच्यासमोर नव्हता. त्यांच्या नोंदींनी ज्या प्रश्नाचे उत्तर दिले तो प्रश्न त्यांच्यानंतर साठ वर्षांनी विचारला गेला. त्यांचा खरा वाचक तेव्हा जन्मालाही आलेला नव्हता, आणि तरीही त्याच्यासाठी खिळा ठोकून ठेवलेला होता.

एक सावधगिरी येथे बाळगावयास हवी. दोन काळांतील गणनांचा फरक स्वतःहून कारण सांगत नाही. ते काम प्रयोगाचे आहे. रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून वॉशिंग्टन राज्यातील खडकांवरून एका जातीचे तारामासे हाताने काढून समुद्रात फेकले, तेव्हाच शिंपल्यांनी इतरांची जागा कशी व्यापली हे दिसले. मात्र प्रयोग कोठे आणि कशावर करावा, हे सर्वेक्षणाशिवाय कळत नाही.

कार्सन यांचा वर्तमानकाळ :

रेचेल कार्सन यांचे 'द एज ऑफ द सी' (१९५५) हे या परंपरेतील सर्वांत सुंदर गद्य होय, याविषयी दुमत होऊ नये. किनाऱ्यावरील जीवांची मार्गदर्शिका लिहिण्याच्या कल्पनेतून सुरू झालेले हे पुस्तक बॉब हाइन्स यांच्या रेखाचित्रांसह प्रसिद्ध झाले आणि त्यातील खडकाळ किनाऱ्याचे प्रकरण मेन राज्याच्या किनाऱ्याशी त्यांच्या दीर्घ सहवासातून आले. त्यांच्या वाक्यांना लाटेची लय आहे, असे म्हणणे हे आता समीक्षेतले ठरावीक वाक्य झाले आहे. मला त्यांच्या क्रियापदांचा काळ महत्त्वाचा वाटतो. कार्सन बहुतांशी नित्य वर्तमानकाळात लिहितात : बार्नॅकल येथे राहतो, गोगलगाय असे चरते, शेवाळ अशी डोलते. या काळाने किनारा शाश्वत भासतो. तो भास हाच त्या गद्याच्या मोहिनीचा गाभा आहे. परंतु ज्या वाक्याला दिनांक नाही त्याच्याशी पुढल्या काळातील निरीक्षण जुळवून पाहता येत नाही. मेनच्या आखातातील खडकांवरचे शिंपले १९७० च्या दशकापासून ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तो निष्कर्ष १९७० च्या दशकातील गणनांमुळे शक्य झाला. कार्सन यांच्या शिंपल्यांच्या वर्णनावरून तो काढता आला नसता.

तथापि हा आक्षेप सरसकट लावणे अन्यायाचे होईल. हिरव्या खेकड्याचा उत्तरेकडे झालेला प्रसार आणि पाण्याचे उबदार होत जाणे यांचा संबंध कार्सन यांनी याच पुस्तकात मांडला आहे. पूर्वी अमुक ठिकाणापलीकडे नव्हता, आता आहे, असे सांगताना त्यांना शाश्वत वर्तमानकाळ सोडावा लागतो; आणि १९५५ मध्ये लिहिलेले ते विवेचन आज विशेष लक्ष वेधून घेते.

आपला किनारा आणि आपले लेखन :

हा सर्व विचार परकीय किनाऱ्यांपुरता ठेवण्याचे कारण नाही. महाराष्ट्राचा किनारा बऱ्याच अंशी बेसाल्टच्या खडकांचा आहे. कोकणात अशा खडकाळ जागेला 'खडप' म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारे 'उधाण' आणि अष्टमीच्या सुमाराचा 'भांग' हे शब्द भरतीच्या चक्राची अचूक नोंद ठेवतात. मुंबईत उधाणाच्या दिवसांतली मोठी ओहोटी पहाटे आणि सायंकाळी येते, हे कालवे काढण्यासाठी खडपावर जाणाऱ्या कोळी स्त्रियांना कोणत्याही कोष्टकाशिवाय ठाऊक असते. मोजमापाची भाषा आपल्याकडे होती. ती आपल्या शोधनिबंधांत मात्र उतरली नाही.

महाविद्यालयीन नियतकालिकांतून किनाऱ्यावरील 'जैवविविधते'चे जे सर्वेक्षणलेख वाचावयास मिळतात त्यांपैकी बऱ्याच लेखांची घडण ठरून गेलेली आहे : प्रस्तावनेत निसर्गाचे महत्त्व, मध्ये शास्त्रीय नावांचे कोष्टक, आणि प्रत्येक नावापुढे एक, दोन किंवा तीन अधिक-चिन्हे. तीन चिन्हे म्हणजे विपुल. कोणत्या खडकावर, भरतीच्या कोणत्या पातळीला, कोणत्या तारखेला, किती क्षेत्रात आणि किती वेळ पाहून, याचा उल्लेख पुष्कळदा नसतो. असा लेख गुणांकनासाठी पुरतो. पण त्यात रिकेट्स यांचे गद्यही नसते आणि हेवॅट यांचा खिळाही नसतो. म्हणजे दोन्ही परंपरांतील उणिवा तेवढ्या आपण घेतल्या. जे अध्यापक मर्यादित साधनांनिशी, सुट्टीच्या दिवशी, विद्यार्थ्यांना घेऊन चिखल-खडकांत उतरतात त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच ते कष्ट पन्नास वर्षांनंतरच्या वाचकाला निरुपयोगी ठरावेत याचे वाईट वाटते. चौकटीसाठी लागणारी दोरी आणि खडकावरचे खुणेचे ठिकाण यांना अनुदान लागत नाही.

नोंदीचे व्यावहारिक वजन किती असते, हे मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या प्रकरणात दिसले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पासाठी हाजी अली, वरळी परिसरातील आंतरभरती पट्ट्यात भराव घालण्यात आला. त्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती असल्याचे निदर्शनास आले. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्याने २०२० मध्ये परवानगी घेऊन त्यांचे स्थलांतर करावे लागले. त्याच खडकांवरील स्पंज, समुद्रफुले, गोगलगायी आणि खेकडे यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला अशी तजवीज आली नाही. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नागरिकांच्या उपक्रमाने २०१७ पासून ओहोटीच्या वेळी किनाराफेऱ्या काढून दिनांक व स्थळासह छायाचित्रे नोंदविण्यास आरंभ केला होता. हे काम करणाऱ्यांत प्राणिशास्त्राचे पदवीधर नसलेलेही अनेक जण आहेत. भराव पडण्यापूर्वी त्या पट्ट्यात काय होते, हे उद्या कोणी विचारले तर त्याला या तारीखवार छायाचित्रांकडे यावे लागेल. ती पाहताना त्यालाही तोच खेकडा, तेच समुद्रफूल, पुन्हा तोच खेकडा असे सारे काही पुनःपुन्हा दिसेल.